टँकमधले दिवे आणि पंपरूममधला डबा

मावळात, पवना धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यापासून जरा आत आमचे घर आहे आणि घरामागे आठ मीटर लांब व चार मीटर रुंद असा पोहण्याचा टँक आहे. तरणतलाव हा शब्द लिहायला बरा वाटत असला, तरी आमच्या घरात आणि इथल्या सगळ्या मिस्त्रींच्या तोंडी तो टँकच आहे, म्हणून मीही तेच लिहितो. २०११ मध्ये तो बांधला तेव्हा घराकडच्या लांब भिंतीत, पाण्याच्या पातळीखाली साधारण दीड फुटावर, दोन दिवे बसवून घेतले होते. दिवे घराकडच्या भिंतीत असले की त्यांची तोंडे घरापासून दूर राहतात आणि व्हरांड्यात बसलेल्या माणसाच्या डोळ्यांवर उजेड येत नाही, एवढी एकच गोष्ट त्या वेळी मी समजून घेतली होती. ते दिवे कितीचे आहेत, कसले आहेत आणि त्यांना वीज कुठून येते, याची चौकशी मी पुढे कित्येक वर्षे केली नाही.

उजवा दिवा दोन पावसाळ्यांपूर्वी गेला. डावा लागत असे, पण त्याच्या काचेआड अर्ध्यापर्यंत पाणी चढलेले दिसे आणि उजेडाला शेवाळी छटा आली होती. गेल्या वर्षी गणपतीत मुले-नातवंडे घरी आली असताना हा दिवा लावला की घरातला ईएलसीबी, म्हणजे वीज गळली की सप्लाय तोडणारे यंत्र, पडू लागला. (आता जे मिळते ते आरसीसीबी, पण बोलण्यात जुनेच नाव टिकून आहे.) जवळपासच्या एका इलेक्ट्रिशियनला बोलावले. त्याने पाऊण तासात काहीतरी जोडाजोड केली, ‘आता नाही पडणार,’ असे सांगितले, आणि खरोखरच तो पुन्हा पडला नाही. मी त्याला चहा पाजला आणि पैसे दिले. त्यानंतरच्या दोन संध्याकाळी चार नातवंडे तो दिवा लावून पाण्यात खेळली. त्या दोन संध्याकाळी आठवल्या की माझ्या पोटात अजून गोळा येतो. त्याचे कारण मला पुढे ऑक्टोबरमध्ये कळले.

दिवाळीच्या आधी दोन्ही दिवे काढून एलईडी दिवे बसवावेत, असे ठरवून मी दुसऱ्या एका वायरमनना फोन केला. पन्नाशीचे, आयटीआयचा वायरमन ट्रेड केलेले, परवाना असलेले आणि तळेगावच्या एमआयडीसीत बरीच वर्षे पंपांची कामे केलेले गृहस्थ आहेत. मी त्यांना सांगितले की डाव्या दिव्यात पाणी शिरले आहे आणि म्हणून ईएलसीबी पडत होता. त्यावर ते क्षणभर काही बोलले नाहीत. मग त्यांनी दिवे किती व्होल्टचे आहेत असे विचारले. मी जाऊन पंपरूममधल्या डब्यावरची पट्टी वाचली. तिच्यावर २३० व्होल्ट आणि १२ व्होल्ट असे दोन आकडे होते. ‘काका,’ ते म्हणाले, ‘बारा व्होल्टच्या दिव्यात पाणी गेलं म्हणून ईएलसीबी पडत नसतो. मी येईपर्यंत कोणाला पाण्यात उतरू देऊ नका. पायसुद्धा सोडून बसायचं नाही.’

त्यांच्या त्या एका वाक्याचा अर्थ मला नीट कळायला दोन दिवस लागले. मी जन्मभर बँकेत नोकरी केली असल्यामुळे ईएलसीबीचे काम मला कॅश टॅली करण्यासारखे वाटते. फेजमधून जेवढा करंट बाहेर गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत यायला हवा; जमाखर्चात फरक पडला, म्हणजे तेवढा करंट तिसऱ्याच वाटेने जमिनीत गेला, आणि घरगुती यंत्रात हा फरक ३० मिलिअँपिअरपर्यंत पोहोचायच्या आत ते सप्लाय तोडते. आता टँकच्या दिव्यासाठी पंपरूममधल्या त्या डब्यात जो ट्रान्सफॉर्मर असतो, म्हणजे २३० व्होल्टचे १२ व्होल्ट करणारे साधन, त्यात २३० व्होल्टचे आणि १२ व्होल्टचे वेटोळे एकमेकांपासून पूर्ण वेगळे असतात. त्यांच्यात तारेची जोडणी नसते, एकातून दुसऱ्यात जे जाते ते चुंबकीय क्षेत्रातून. त्यामुळे बारा व्होल्टच्या बाजूला पाणी शिरले, तारा गंजल्या, अगदी शॉर्ट झाले, तरी तिकडचा करंट तिकडेच फिरतो. शॉर्ट झाले तर फ्यूज उडेल, पण घरातल्या ईएलसीबीच्या जमाखर्चात फरक दिसायचे कारण नाही. तरीही तो पडत होता, याचा अर्थ गळती २३० व्होल्टच्या बाजूची होती आणि संशय दिव्यावरून त्या डब्यावर जात होता. आधीच्या माणसाने हा विचार न करता ओरडणाऱ्याचे तोंड बंद केले होते. ते त्याने नेमके कसे केले, ते रविवारी सकाळी उघड झाले.

वायरमन आले ते आपल्या पुतण्याला मदतीला घेऊन. त्यांनी आधी बॅगेतून मल्टिमीटर काढला आणि व्हरांड्यातल्या चालू प्लगमध्ये घालून पाहिला, २३६ दाखवले. मग बोर्डावरचा ‘टँक लाइट’ असे लिहिलेला एमसीबी (त्या लाइनचा सप्लाय तोडणारा स्विच) खाली केला, त्यावर छोटे कुलूप घातले आणि किल्ली माझ्या हातात दिली. हा सोपस्कार मला जरा जास्तच वाटला, कारण घरात आम्ही तिघे, माझी पत्नी आणि टँकच्या कडेला तयारीत बसलेला माझा भाचा, एवढीच माणसे होती. मी पंपरूमचे दार उघडले आणि ट्रान्सफॉर्मरचे झाकण काढायला हात पुढे केला, तेवढ्यात ते म्हणाले, ‘काका, थांबा. हात लावू नका.’ त्यांनी स्वतः इन्सुलेटेड स्क्रू-ड्रायव्हरने झाकण सैल करून बाजूला केले, मीटरची दोन टोके २३०च्या टर्मिनलांवर टेकवली आणि मीटर माझ्याकडे वळवला. त्यावर २२९ आकडा होता. एमसीबी खाली, त्याला कुलूप, किल्ली माझ्या खिशात, आणि सप्लाय चालू.

शोधायला अर्धा तास गेला. पावसाळ्यात आमच्याकडे वीज जाणे-येणे चालू असते म्हणून घरातले काही दिवे-पंखे इन्व्हर्टरवर आहेत, आणि इन्व्हर्टरच्या बाहेर पडणाऱ्या लाइनला ईएलसीबी नाही. गणपतीत आलेल्या माणसाने टँकच्या दिव्याची वायर मूळ एमसीबीवरून काढून थेट या लाइनला जोडली होती. एमसीबीवरचे नाव तसेच होते, पण त्याच्यामागे काहीच उरले नव्हते. म्हणजे घराचा मेन स्विच बंद केला असता, तरीही त्या टर्मिनलांवर बॅटरीच्या जोरावर २३० व्होल्ट राहिलेच असते. निऑन टेस्टरवर विसंबून बारा व्होल्टची बाजू तपासली असती तर तो लागलाही नसता. एवढ्या कमी व्होल्टेजला तो लागत नाही. इन्व्हर्टर बंद करून, त्याची लाइन सोडवून, तिचे टोक वेगळे बांधल्यावर वायरमननी पुन्हा मोजले. शून्य आले. मग परत चालू प्लगवर जाऊन मीटर जिवंत असल्याची खात्री केली, कारण मोजताना मीटरच बिघडला असेल तरीही शून्यच येते. जिवंत जागी, मग कामाच्या जागी, मग पुन्हा जिवंत जागी, हा क्रम त्यांनी त्या दिवसात मी मोजला तेव्हा सहा वेळा पाळला.

ट्रान्सफॉर्मर पंपरूमच्या जमिनीवर, दोन विटांवर ठेवलेला होता. फिल्टरचे पाणी सांडून आणि मावळातल्या पावसाची ओल बसून त्याच्या पत्र्याचा तळ खालून पापुद्र्यासारखा सुटत होता. चारही तारा सोडवून त्यांनी मेगर लावला. मेगर हे मोठ्या व्होल्टेजने इन्सुलेशनचा दम पाहणारे मीटर आहे. निरोगी ट्रान्सफॉर्मरवर तो शेकडो मेगोह्म दाखवतो (एक मेगोह्म म्हणजे दहा लाख ओह्म). आमच्या डब्यात २३० व्होल्टचे वेटोळे आणि लोखंडी गाभा यांच्यात आकडा ०.०१ च्या वर जाईना. ईएलसीबी पडण्याचे कारण हे होते. मग त्यांनी टोके बदलून २३०चे वेटोळे आणि १२चे वेटोळे यांच्यात मोजले, तिथे ०.०४ मेगोह्म आले. या दोन वेटोळ्यांच्या मधे जे काही होते, त्याच्यावरच तर नातवंडांचा जीव होता, आणि ते कुजले होते.

मी कागदावर भागाकार केला. २३० व्होल्ट भागिले ४० हजार ओह्म म्हणजे जवळजवळ सहा मिलिअँपिअर, आणि हा ऑक्टोबरच्या उन्हात डबा सुकल्यानंतरचा हिशेब; भर पावसात तो किती असेल ते कोण जाणे. साधारण दहा मिलिअँपिअरपासून पुढे हाताचे स्नायू असे आखडतात की धरलेली वस्तू सोडता येत नाही. पाण्यात तर धरायला काही नसतेच. हातपाय मारता येत नाहीत, माणूस खाली जातो, आणि नंतर अंगावर भाजल्याची खूणही सापडत नाही, त्यामुळे बुडून मृत्यू एवढीच नोंद होऊ शकते. वायरमन काही बोलले नाहीत. माझी पत्नी चहाचा ट्रे घेऊन दारात आली होती. तिने माझ्या हातातला कागद पाहिला आणि ट्रे तसाच परत नेला.

इथून पुढे दिवे बदलण्याचे खरे काम सुरू झाले. ते एका रविवारी न होता तीन रविवार चालले.

जुने दिवे पार-५६ जातीचे, प्रत्येकी ३०० वॅटचे होते. या नावातला ५६ हा आकडा व्यासाचा असतो, एक अष्टमांश इंचाच्या मापाने. म्हणजे सात इंच, साधारण १७८ मिलिमीटर. या मापाचे एलईडी दिवे बाजारात तयार मिळतात आणि जुन्या खोक्यात नुसता दिवा बदलून, मागचे दोन स्क्रू आवळून काम भागते. माझी इच्छा तेवढ्यावर भागवावे अशी होती. परंतु वायरमनचे म्हणणे असे पडले की जुन्या खोक्याचे रबर ताठरले आहे, वायर कडक झाली आहे आणि दिवा नवा घालून पाण्याला वाट जुनीच ठेवण्यात शहाणपण नाही. शेवटी वायरसकट कारखान्यातूनच राळ ओतून बंद करून आलेले, आयपी ६८ दर्जाचे (म्हणजे सतत पाण्याखाली राहू शकणारे), १२ व्होल्ट एसीवर चालणारे १८ वॅटचे दोन दिवे घेतले आणि त्यांची वायर सहा मीटरची मागवली, म्हणजे दिव्यापासून काठावरच्या, वायरी जोडण्याच्या जंक्शन बॉक्सपर्यंत मधे कुठेही जॉइंट येणार नाही. पाण्याखाली जॉइंट नको, हा त्यांचा एकमेव हट्ट होता, आणि तो का होता ते जुना दिवा बाहेर आल्यावर दिसले.

टँक रिकामा करावा का, हा प्रश्न मी विचारला होता. पाणी दिव्यांच्या खाली न्यायचे तर साठ सेंटिमीटर काढावे लागले असते; ते एकोणीस हजार लिटर भरते, म्हणजे दहा हजारांचे जवळजवळ दोन टँकर. शिवाय पावसाळ्यानंतर जमिनीत पाणी वर असताना टँक पूर्ण रिकामा केला तर खालच्या पाण्याच्या दाबाने तळाला तडे जाऊ शकतात, किंवा आख्खी टाकी उचलली जाऊ शकते. याची गरजच नसते, हे मला माहीत नव्हते. दिवा भिंतीतल्या कोनाड्यात बसवलेला असतो आणि त्याच्यामागे जादा वायरचे वेटोळे मुद्दाम सोडलेले असते. वरचा एक स्क्रू काढला, दिवा खालच्या खाचेतून सोडवला, की तो वायरसकट काठावर आणून कोरड्या जागी काम करता येते.

भाच्याला पाण्यात सोडण्यापूर्वी दोन्ही दिव्यांच्या वायरी जंक्शन बॉक्समध्ये सोडवून, टोके वेगवेगळी टेपने बांधून ठेवली. शिवाय वायरमननी मीटरचे एक टोक टँकच्या पाण्यात आणि दुसरे अर्थिंगच्या तारेला लावून पाहिले. त्यांनी मान हलवल्यावरच मी भाच्याला हो म्हटले. गॉगल लावून तो खाली गेला आणि दोन मिनिटांनी वर येऊन म्हणाला, ‘मामा, स्क्रू नुसता फिरतोय, बाहेर येत नाही.’ स्क्रू साधा होता, क्लोरीनने खाल्लेला. त्याच्या डोक्यावरची चीर पुसून गेली होती. पकडीने बाहेर ओढून धरत फिरवला तेव्हा अकराव्या बुडीला तो निघाला. नवे स्क्रू आम्ही एसएस ३१६ चे, म्हणजे ३१६ जातीच्या स्टेनलेस स्टीलचे, घेतले. ३०४ चे स्क्रू क्लोरीनच्या पाण्यात टिकत नाहीत, असा वायरमनचा अनुभव होता.

डावा दिवा काठावर आला तेव्हा आतून चहाच्या रंगाचे पाणी गळले. काचेच्या तळाशी पांढरा गाळ होता, तांब्याच्या टोकांवर हिरवा थर होता, आणि मागे जिथे हातभर वायरचे वेटोळे असायला हवे होते तिथे काळ्या टेपने गुंडाळलेला, बोटाएवढा जाड जॉइंट होता. कधीतरी कोणीतरी वायर तोडून इथेच जोडली होती. वायरमननी तो टेप नखाने सोलला. आतल्या तांब्याच्या तारा काळ्या भुग्यासारख्या झाल्या होत्या आणि दोन बोटांच्या चिमटीत तुटल्या. म्हणजे वर पंपरूममध्ये कुजलेले इन्सुलेशन आणि खाली पाण्यात उघडी तार. मधे दुसरे काहीही नव्हते.

वायर बदलणे हे या कामातले सर्वांत किचकट प्रकरण ठरले. कोनाड्यातून काठावरच्या बॉक्सपर्यंत जाणाऱ्या पाइपात जुनी वायर घट्ट बसली होती. तिच्या टोकाला नायलॉनची दोरी बांधून, पाइपात साबणाचे पाणी ओतून, एकाने वरून ओढायचे आणि दुसऱ्याने खालून ढकलायचे, असे दोन तास चालले. उजव्या दिव्याच्या वेळी दोरीची गाठ पाइपात सुटली आणि सगळे पहिल्यापासून करावे लागले. त्या वेळी वायरमनच्या पुतण्याने जे शब्द वापरले ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. नवी वायर आल्यावर प्रत्येक दिव्यामागे दीड मीटरचे वेटोळे ठेवले आणि कोनाड्याच्या टोकाला पाइपाचे तोंड वायरीभोवती आवळणाऱ्या रबरी ग्लँडने बंद केले. मी इपॉक्सी भरून टाकू म्हणालो होतो, त्यावर वायरमन म्हणाले, ‘भरा, पण मग पंधरा वर्षांनी दिवा बदलणारा आपल्या दोघांना शिव्या देईल.’

या ग्लँडने एक जुने कोडे सुटले. मागचे दोन उन्हाळे टँकचे पाणी रोज थोडे कमी होत असे आणि एका ठरावीक पातळीला येऊन थांबत असे. बाष्पीभवन असेल म्हणून मी सोडून दिले होते. ती पातळी म्हणजे नेमकी या पाइपाच्या तोंडाची होती. पाणी पाइपात शिरून कुठल्याशा सुटलेल्या सांध्यातून मुरमात जात होते. काठावरचा जंक्शन बॉक्सही त्यामुळेच, आणि वरून येणाऱ्या पावसाने, नेहमी ओला राहत असे. तो शहाबादी फरशीखाली दडवलेला होता. आता तो भिंतीला लागून, फरशीपासून एक वीत वर आहे. दिसायला बरा नाही, पण कोरडा आहे.

ट्रान्सफॉर्मर निवडताना मला थोडे वाचावे लागले. पोहण्याच्या टँकच्या वायरिंगसाठी आयईसी ६०३६४ या आंतरराष्ट्रीय मानकाचा ७०२ क्रमांकाचा भाग आहे. त्यात टँकच्या आतल्या जागेला शून्य क्षेत्र म्हटले आहे, काठापासून दोन मीटरपर्यंत पहिले क्षेत्र आणि त्यापुढे दीड मीटर दुसरे. पाण्यातल्या दिव्याला १२ व्होल्ट एसी किंवा ३० व्होल्ट डीसीच्या वर जायचे नाही, आणि तो १२ व्होल्ट तयार करणारा ट्रान्सफॉर्मर या तिन्ही क्षेत्रांच्या बाहेर, म्हणजे काठापासून साडेतीन मीटरच्या पलीकडे हवा. आमची पंपरूम काठापासून त्याहून दूर आहे, त्यामुळे जागा बदलावी लागली नाही. फक्त विटांवरून उचलून तो भिंतीवर, छातीच्या उंचीला, हवा खेळेल अशा पेटीत बसवला. ट्रान्सफॉर्मर साधा घ्यायचा नाही. सेफ्टी आयसोलेटिंग म्हणून जो मिळतो आणि ज्यावर ६१५५८-२-६ असा मानकाचा क्रमांक असतो, तो घ्यायचा. दुकानात मला आधी एलईडी पट्ट्यांसाठी वापरतात तो जाळीचा हलका पॉवर सप्लाय दाखवला गेला. तोही ‘बारा व्होल्टच’ होता आणि पावपट किमतीत होता. गणपतीपूर्वी मी तोच घेऊन आलो असतो.

जोडणी करताना वायरमन आणि त्यांचा पुतण्या यांच्यात एक वाद झाला. पुतण्याचे म्हणणे असे की बारा व्होल्टच्या एका तारेला अर्थिंग देऊन टाकावे, म्हणजे अधिक सुरक्षित. ऐकायला पटण्यासारखे वाटते. वायरमननी त्याला थांबवले. बारा व्होल्टची बाजू जमिनीपासून पूर्ण तुटलेली असणे हेच या व्यवस्थेचे मर्म आहे. तिला अर्थ जोडले की घरातल्या दुसऱ्या एखाद्या यंत्रात बिघाड होऊन अर्थच्या तारेवर व्होल्टेज चढले, तर ते सरळ टँकमध्ये उतरेल. ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्याला अर्थ हवे, पंपाला हवे, स्टीलच्या शिडीला आणि कठड्यांना एकत्र जोडून हवे. दिव्याच्या तारांना मात्र नको. शिडीची अर्थची तार तुटलेली सापडली, तीही त्याच दिवशी नव्या लगने (तारेच्या टोकाला बसवायच्या धातूच्या जोडाने) जोडली. दोन्ही दिव्यांना वेगवेगळे फ्यूज दिले. इन्व्हर्टरशी टँकचा संबंध कायमचा तोडला. वीज गेली की टँकमध्ये अंधार होईल आणि त्या वेळी पाण्यातून बाहेर यायचे, असे घरात ठरले आहे. टँकच्या दिव्यांसाठी आणि पंपासाठी ३० मिलिअँपिअरचा स्वतंत्र ईएलसीबी बसवला.

दिवे कोनाड्यात बसवण्याआधीची एक रात्र ते बादलीत होते. ही युक्ती मला फार आवडली. पाण्यातले दिवे उघड्या हवेत लावून पाहायचे नसतात; जुने हॅलोजन तर मिनिटांत तापून काच तडकायची, आणि एलईडीलाही थंड व्हायला पाणीच लागते. म्हणून स्वयंपाकघरातल्या दोन मोठ्या प्लॅस्टिकच्या बादल्या पाण्याने भरल्या, प्रत्येकीत एक दिवा उलटा बुडवला आणि नवा ट्रान्सफॉर्मर लावून तास-दीड तास चालू ठेवला. व्हरांड्यातल्या त्या दोन निळसर पांढऱ्या बादल्या पाहायला शेजारचे लोक कुंपणापाशी आले. नंतर बंद करून दिवे रात्रभर तसेच बुडालेले ठेवले. सकाळी एकाच्या काचेआड, कडेला, नखाएवढे धुके दिसले. तो परत पाठवून बदलून घेतला, आणि त्यासाठी आठवडा थांबलो. हे धुके कोनाड्यात बसवल्यावर दिसले असते तर पुन्हा अकरा बुड्या माराव्या लागल्या असत्या.

बसवून झाल्यावर वायरमननी प्रत्येक दिव्याच्या दोन तारा एकत्र पिळून त्या टोकाशी आणि शिडीशी २५० व्होल्टचा मेगर लावला. दोन तारांच्या मधे लावला तर आतले इलेक्ट्रॉनिक्स जळेल, म्हणून एकत्र पिळायच्या. कमीत कमी अर्धा मेगोह्म हवा. इथे मीटरचा काटा टोकाला गेला. नव्या ट्रान्सफॉर्मरच्या दोन वेटोळ्यांत २०० च्या वर आकडा होता.

उजेडाबद्दल मला वाटले होते की ३०० वॅटच्या जागी १८ वॅट म्हणजे मिणमिणता दिवा मिळणार. उलटे झाले, आणि त्याचेही गणित वायरमननी चहा पिताना मांडले. ३०० वॅटच्या दिव्याला १२ व्होल्टवर २५ अँपिअर लागतात. पंपरूमपासून बॉक्सपर्यंत चार चौरस मिलिमीटरची वायर १८ मीटर आहे. जाऊन-येऊन ३६ मीटर तांब्यात एवढा करंट वाहिला तर चार व्होल्टच्या आसपास वाटेतच खर्च होतात. म्हणजे जुन्या दिव्यापर्यंत आठ-साडेआठ व्होल्टच पोहोचत होते आणि तो जन्मभर पिवळटच जळला. नव्या दिव्याला दीड-दोन अँपिअर लागतात, त्यामुळे वाटेतला खर्च पाव-अर्ध्या व्होल्टवर आला. बॉक्समध्ये मोजले तेव्हा ११.९ होते.

दिवाळीच्या चार दिवस आधी दिवे पहिल्यांदा लावले. पहिल्या दोन रात्री मी कोणालाही पाण्यात उतरू दिले नाही, त्यावरून धाकट्या नातीने माझ्याशी बोलणे टाकले होते. तिसऱ्या दिवशी सकाळी वायरमन कामावर जाता जाता मेगर घेऊन आले, सगळे आकडे पुन्हा घेतले, ईएलसीबीचे टेस्टचे बटण माझ्याकडून दाबून घेतले आणि तो खटकन पडल्यावर निघून गेले. पंपरूमच्या दारामागे एक दोनशे पानी वही दोरीने बांधली आहे. तिच्यात तारीख, ट्रान्सफॉर्मरचा आकडा, दोन्ही दिव्यांचे आकडे आणि बटण दाबल्याची सही असे पाच रकाने आखले आहेत. महिन्याच्या एक तारखेला बटण मी दाबतो, मेगर पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर लावायचा असे ठरले आहे. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी चौघे पाण्यात उतरले तेव्हा वहीत दुसरी ओळ भरलेली होती. जुना डबा मी भंगारात दिलेला नाही. झाकण काढून तो पंपरूमच्या फळीवर ठेवला आहे, वायर कापलेल्या अवस्थेत.